सोमवारची पोटदुखी

नमस्कार श्रोतेहो.

नागपुरात ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ सांगून पाहा, तो विचारात पडेल. ‘पागलखाना चौक’ म्हणा, लगेच निघेल. (मीटरनं नाही, पण ते असो.) हाच शब्द शाळेच्या बाकापर्यंत पोचलाय. त्यामुळे सातवीतलं लेकरू ‘मला कसंतरीच वाटतं’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, पोट दुखतंय.

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. दर सोमवारी तिसऱ्या तासाला तिचं पोट दुखायचं. मी ओवा-मीठ द्यायचे आणि घरी पाठवायचे. एकदा वह्या तपासताना दिसलं, प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तिनं नखानं कुरतडलेला. वडील घर सोडून गेल्याला दोन महिने झाले होते. बी.एड.ला मला पाठाचं टाचण शिकवलं होतं, हे नव्हतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचा. मैदान आहे, कुंपण आहे, ग्रंथालय आहे, दुपारच्या जेवणाचं स्वयंपाकघर आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तर कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशकही आहेत. समुपदेशक नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचाराचा हक्क देतो, पण शाळेत समुपदेशक नेमा असं सांगत नाही.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 ला तात्पुरती भरली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. हे बंधन कायदा होईपर्यंतचं. मग कायदा करायचा कोणी? शिक्षण समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही करता येतो, आणि हिवाळी अधिवेशन तर आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये भरतं.

फक्त एक धास्ती आहे. दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकून पीटीच्या सरांनाच समुपदेशक करून टाकतील. ज्या हाताचा धाक, त्याच्यापाशी पोरं बोलत नाहीत हो. स्वतंत्र पद हवं, पगार हवा, आणि दार लागेल अशी एक खोली हवी.

तोवर एक नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या: 14416, टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, रात्रीही लागतो. फोन केल्यावर काय बोलावं सुचलं नाही, तर पोट दुखतंय म्हणा. तिथून पुढे विचारणं त्यांचं काम.

नमस्कार.