ब्रूक ट्राउट: सोडून देऊ नका, खा

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांच्या उंच तळ्यांत आज गळाला लागणारा ब्रूक ट्राउट मुळात तिथला नव्हेच. त्याचं माहेर खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला, लॅब्राडॉरपासून अपालेशियन डोंगरांतून खाली जॉर्जियापर्यंत. सिएरातली ही तळी हिमनद्यांनी कोरलेली, आणि त्यांच्याखाली धबधबे. खालून मासा वर चढणार कसा? त्यामुळे बहुतेक तळ्यांत हजारो वर्षं मासाच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांनी खेचरांच्या पाठीवर डबे लादून पिल्लं वर नेली. पुढे तर विमानातून सोडली.

नावात ट्राउट असलं तरी हा मासा ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या कुळातला. ट्राउटच्या अंगावर गडद ठिपके असतात, याच्या गडद अंगावर फिकट. पाठीवर वळवळत्या अळ्यांसारखी नक्षी, बाजूला निळ्या कड्यातले लाल ठिपके. पाण्यात पाठ अजिबात दिसत नाही. दिसते ती खालच्या परांची पांढरीशुभ्र कड, आणि तीही हलली तरच. म्हणून तळ्यावर पोचल्या पोचल्या गळ टाकू नका. काठापासून चार पावलं मागे उभं राहून जरा पाहा.

उन्हाळा सरताना या माशाचं सगळं गणित थंडाव्यावर चालतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो हैराण होतो. पूर्वेकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक डोंगरांच्या सखल तळ्यांत ऑगस्टमध्ये वरचं पाणी तापतं, मासे तळाच्या झऱ्यांपाशी दाटीवाटीनं जमतात आणि काठावरचा माणूस दिवसभर रिकाम्या पाण्यात गळ टाकत बसतो. सिएरात मात्र, समजा बिशप गावाच्या वरच्या लिटल लेक्स व्हॅलीत, वाट सुरू होते तीच दहा हजार फुटांवर. तिथलं पाणी ऑगस्टअखेरही पाय बधिर करतं, त्यामुळे मासा काठाशी सापडतो. सकाळी ओढा तळ्यात शिरतो तिथे पाहा. दुपारी वारा सुटला की ज्या काठाकडे तो वाहतोय त्या काठावर जा. उडत्या मुंग्या आणि नाकतोडे पाण्यात पडून तिकडेच ढकलले जातात, आणि मासे त्यांच्या मागे येतात. काहीच हाललं नाही, तर तळाचा फिकट हिरवा रंग एकदम काळानिळा होतो त्या रेषेपलीकडे छोटा स्पिनर (फिरत्या चकचकीत पात्याचा गळ) टाकून बुडू द्या. घाई करून ओढू नका. कोकणात खाडीवर गरवलेल्यांना हे शिकवायला नको.

लागेल तो मासा बहुधा वीतभर. याचं कारण मजेशीर आहे. रेनबो ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. ब्रूक ट्राउट तळ्याच्या तळाशी जिथे झरा फुटतो तिथल्या खडीतही शरद ऋतूत अंडी घालून मोकळा होतो. पोरवडा वाढतो, खाणं तेवढंच, मग डोकं मोठं आणि अंग काटकुळं. मोनो परगण्यातल्या बनी लेक या इवल्याशा तळ्यात 1951 साली ब्रूक ट्राउट सोडले होते. एरवी चार-पाच वर्षं जगणारा हा मासा तिथे 24 वर्षं जगल्याची नोंद आहे. थंडी आणि उपासमार यांनी वाढही थांबली आणि म्हातारपणही लांबलं!

या पोरवड्याची किंमत बेडकांनी मोजली. पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक इथला मूळ रहिवासी. त्याच्या पिल्लांना बेडूक व्हायला दोन-तीन वर्षं, कधी चारही लागतात, आणि तेवढे हिवाळे त्यांना बर्फाखाली काढावे लागतात. म्हणजे तळापर्यंत न गोठणारं खोल तळं हवं, आणि त्यांना खाणारे मासेही नेमके तिथेच. बेडूक घटले, आणि त्यांच्यावर जगणारे साप घटले. त्यात बुरशीजन्य रोगानं उरलेल्यांनाही गाठलं. 2014 मध्ये हा बेडूक अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत गेला. सिकोया-किंग्ज कॅन्यन उद्यानात काही तळ्यांतून जाळी लावून मासे काढले, तिथे बेडूक पुन्हा दिसू लागले.

म्हणून ‘पकडा आणि सोडा’ हा धडा सिएरात ब्रूक ट्राउटच्या बाबतीत मला पटत नाही. पूर्वेकडे जरूर पाळा. तिथे आम्लवर्षावानं ॲडिरोंडॅकची कितीतरी तळी रिकामी केली, एकेक मासा मोलाचा आहे. इथे मात्र मासा पाण्यात सोडून हात जोडण्यात पुण्य नाही. नेहमीच्या मर्यादेवर काही लहान ब्रूक ट्राउट जास्तीचे घ्यायची मुभा कॅलिफोर्नियानं वर्षानुवर्षं दिली ती काही उगीच नाही. अर्थात वयाची सोळा वर्षं पूर्ण झाली असली तर परवाना हवाच, आणि आकडे दर वर्षी तपासायचे.

खवले इतके बारीक की खरवडायची गरज नाही. पोट चिरा, कल्ले ओढून काढा, कण्याला चिकटलेली रक्ताची काळी रेघ अंगठ्याच्या नखानं साफ करा, नाहीतर कडसर लागतं. मीठ, हळद, तिखट चोळून तव्यावर टाका. छोटे झिंगे खाणारा मासा असेल तर मांस नारिंगी निघेल. आणि आतडी काठावर टाकू नका. तिथली अस्वलं फार हुशार आहेत.