बापू, कुशीवर वळ

(दृश्य : सोनोग्राफीची खोली. भिंतीवर पाटी – ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’)

विदर्भात सोनोग्राफीच्या कुठल्याही खोलीत ही पाटी दिसतेच. आज टेबलावर आहे आठ वर्षांचा मुलगा. घरी बकऱ्या, राखणीला कुत्रं. उजव्या कुशीत फुगवटा आलाय. गावात कुणी मुतखडा म्हणालं, कुणी नुसताच गोळा.

थंड जेल लागलं तसं त्यानं पोट आत ओढलं.

पडद्यावर, मूत्रपिंडाच्या जागी, हा काळा गोल. काळं म्हणजे पाणी. साध्या पाण्याच्या गाठीची भिंत पातळ, एकेरी असते. इथं कड नीट बघा : दोन पांढऱ्या रेघा आणि मधे बारीक फट.

“बापू, त्या कुशीवर वळ बरं.”

तो वळतो. तळाशी बसलेले कण उसळतात, रांजण ढवळल्यावर गाळ उठावा तसे. ही हायडॅटिडची, म्हणजे कृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीची वाळू. एकायनोकॉकस या फीतकृमीची सूक्ष्म डोकी त्यात असतात. कृमी राहतो कुत्र्याच्या आतड्यात, जेमतेम काही मिलिमीटरचा. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, मातीतून पोरांच्या हाताला, हातातून तोंडात.

बहुतेक गाठी यकृतात आणि फुप्फुसात होतात. मूत्रपिंडात शंभरातल्या दोन-तीन रुग्णांनाच. म्हणूनच ही गाठ पटकन कुणाच्या मनात येत नाही.

पुढे कधी आतला पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो, कधी आत पिल्लगाठी भरून मधमाश्यांचं पोळं दिसतं. 1981 साली ट्युनिशियाच्या घर्बी आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीतल्या या रूपांचे पाच प्रकार मांडले. भिंतीत चुना साचलाय का, गाठ नेमकी कुठवर गेली, हे सीटी स्कॅन सांगतो. यकृत आणि छातीही तपासायची. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी गाठ हायडॅटिडची नाहीच असं धरता येत नाही.

हे सगळं गाठीत सुई घालण्याच्या आधी व्हायला हवं. न ओळखता सुई घातली आणि पाणी पोटात सांडलं, तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, नव्या गाठी रुजू शकतात. मुलाला कुशीवर वळवून बघायला एक मिनिट लागतं. ते मिनिट प्रत्येक लेकराला मिळायलाच हवं.

पुढे अल्बेंडाझोल हे कृमीवरचं औषध, मग शहरात ऑपरेशन. जमेल तेवढं मूत्रपिंड राखतात.

(दृश्य : आठवडी बाजार. खाटकाच्या ओट्यामागे दोन कुत्री.)

पांढरे फोड, म्हणजे ह्याच गाठी, आलेली बकऱ्याची कलेजी गिऱ्हाईक घेत नाही. ती मागे फेकली जाते.