बोलक्या भिंतींवरचा मिकी

(दृश्य : रत्नागिरी, मे महिन्यातली सकाळ. स्टँडकडे निघालेल्या रिक्षा, पलीकडे रंगवलेली कुंपणभिंत.)

रिक्षांच्या रांगेत क्षणभर फट पडते आणि पलीकडे मिकी माऊस दिसतो. एका हातात हिरवा डबा, दुसऱ्यात निळा. ओला कचरा इकडे, सुका तिकडे. १९२८ साली पडद्यावर आलेला हा उंदीर वयाच्या नव्वदीनंतर कोकणात स्वच्छतेच्या कामाला लागलाय.

मिकी भिंतीवर सगळ्यात जास्त का दिसतो? लोकप्रिय आहे म्हणून, हे उत्तर अर्धंच. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतले चित्रकार उब आयवर्क्स यांनी त्याला वर्तुळांतून घडवला. डोक्याला एक गोल, कानांना दोन. हजारो चित्रं हातानं काढायची तर आकार झटपट जमणारा हवा. बोटंही चारच, पाचवं म्हणजे प्रत्येक चित्रात वाढीव काम. पांढरे हातमोजे १९२९ साली आले, कारण काळ्या अंगावर काळा हात दिसेना.

स्टुडिओतली ती काटकसर आपल्या पेंटरच्या पथ्यावर पडली. भिंतीत खिळा ठोकायचा, सुतळीला खडू बांधायचा, गोल फिरवायचा. अर्धा मिकी झाला! डोनाल्ड डकला मात्र चौकटी आखाव्या लागतात. चोच हमखास फसते.

आणि पोपाय? तोही १९२९ चा, ई. सी. सीगर यांच्या चित्रपट्टीतला. इथल्या भिंतीवर तो मिरकरवाड्याच्या जेटीवरून नुकताच उठून आलेल्या खलाशासारखा दिसतो. त्याच्या हातावर गोंदलेला जहाजाचा नांगर मात्र अगदी बिनचूक. होड्यांवर नावं रंगवणाऱ्याला नांगर कसा असतो ते कुणी सांगायला नको.

(दृश्य : शाळेची भिंत. पाढे, फळांची चित्रं, कोपऱ्यात टॉम आणि जेरी.)

दुकानांच्या पाट्या फ्लेक्सनं खाल्ल्या, तेव्हा शाळा-अंगणवाड्यांच्या या ‘बोलक्या भिंतीं’नी पेंटर लोकांना थोडा हात दिला. ब्रुसेल्स शहरात १९९१ पासून कॉमिक्समधली पात्रं इमारतींवर रंगवतात. तिथला टिनटिन भिंतीवर रंगवलेल्या लोखंडी जिन्यावरून खाली उतरतो, त्यासाठी कॅमेरा वर करावा लागतो. आपली कुंपणभिंत जेमतेम डोक्याएवढी, म्हणजे रस्त्यावरचं सगळं चित्राच्या पुढ्यात. स्कूटर, आंब्याच्या पेट्या, मासळीची पाटी घेऊन थांबलेली मावशी.

“दादा, गाडी सरकवू काय? फोटोत येतेय.”

नको, राहू दे. नुसता मिकी हवा असेल तर तो मोबाईलवर हवा तेवढा मिळतो. इथं फोटो काढायचा तो या रस्त्यातल्या मिकीचा.

भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहायचं, नाहीतर कडा तिरक्या पळतात. कॅमेरा तिपाईवर, शटर १/१५ सेकंद. जाणाऱ्या रिक्षा पुसट होतात, भिंत जागच्या जागी राहते. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सकाळी आठच्या आत गाठावी. नंतर मेमधलं ऊन सगळे रंग पांढरट करून टाकतं.

पावसाळ्यात ढगांमुळे उजेड मऊ मिळतो, पण तोवर भिंतच टिकली पाहिजे. आत जांभ्याचा चिरा, वर गिलावा. चिरा पाणी पितो. पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागाकडे येतात, भिंत सुकली की त्यांचे स्फटिक बनतात आणि रंगाला आतून ढकलतात. मग पोपडे. त्यात समुद्राची खारी हवा, वर शेवाळ. जूनमधलं हिरवं शेवाळ दिवाळीपर्यंत काळं पडतं. या डोनाल्डची टोपी गेली, इथं जेरीचं शेपूट गेलं. टॉम अजून त्याच्या मागे धावतोय.

काहींना ही पडझड फोटोत नको असते. मला विचाराल तर कोकणातल्या भिंतीचं वय याच पोपड्यांवरून कळतं, ते एडिटिंगमध्ये बुजवू नये.

(दृश्य : ताजं चित्र, बादल्या, ब्रश.)

हे पेंटरकाका पुढची भिंत संपवतायत. जूनला शाळा उघडायच्या आत रंग सुकायला हवा. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी आपलं नाव आणि मोबाईल नंबर लिहिलाय. फोटो काढणारे बहुतेक जण नेमका तोच कोपरा कापतात, चौकट स्वच्छ दिसावी म्हणून. आज काढलेले सगळे फोटो काकांना दाखवले. रिक्षांचा पुसट पट्टा त्यांना काही पटला नाही.

“हलला काय फोटो?”

व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी एकच मागून घेतला. ज्यात नंबर नीट वाचता येतो, तो.