भिंतीआडचा खेळ जगासमोर आला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

स्क्वॉश हा चार भिंतींच्या आत खेळला जाणारा खेळ आहे, आणि माझ्या मते या एका गोष्टीनेच त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा इतिहास घडवला. 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद अशा कोर्टात दोन्ही खेळाडू एकाच बाजूला, समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभे असतात. जुन्या कोर्टांत मागच्या भिंतीच्या वर एक सज्जा असे आणि तेथून वाकून पाहणाऱ्या मोजक्या प्रेक्षकांनाच सामना दिसे. त्यामुळे हा खेळ अनेक देशांत पोहोचला, त्यात थक्क करणारे खेळाडू झाले, तरीही क्लबबाहेरच्या जगाला त्यांची फारशी कल्पना नसे.

हा खेळ 19व्या शतकात इंग्लंडमधील हॅरो शाळेत जन्मला, आणि त्याची सर्वांत प्रतिष्ठेची जुनी स्पर्धाही तेथलीच, ब्रिटिश ओपन. महिलांची स्पर्धा 1922 मध्ये आणि पुरुषांची 1930 मध्ये सुरू झाली. टेनिसमध्ये विम्बल्डनला जो मान आहे, तो स्क्वॉशमध्ये दीर्घकाळ या स्पर्धेला होता. मात्र तिच्या विजेत्यांची यादी पाहिली, तर पुरुषांचे विजेतेपद इंग्लंडच्या हातून फार लवकर निसटले, हे ध्यानात येते. 1930 च्या दशकात इजिप्तच्या अम्र बे यांनी ते सहा वेळा जिंकले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याच देशाच्या महमूद करीम यांनी चार वेळा.

त्यानंतर 1951 साल उजाडले. पेशावरजवळच्या नवाकिल्ली गावचे हाशिम खान त्या वर्षी प्रथमच ब्रिटिश ओपनमध्ये उतरले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये चेंडू गोळा करून देत, कोर्ट रिकामे झाले की अनवाणी सराव करत ते हा खेळ शिकले होते. वयाची पस्तिशी ओलांडलेल्या या खेळाडूने अंतिम सामन्यात करीम यांना 9-5, 9-0, 9-0 असे हरवले. तेव्हापासून 1963 पर्यंत पुरुषांचे प्रत्येक विजेतेपद हाशिम, त्यांचे भाऊ आझम आणि आप्तांपैकी रोशन व मोहिबुल्ला या चौघांकडेच राहिले. रोशन यांचे पुत्र जहांगीर खान यांनी पुढे 1982 ते 1991 अशी सलग दहा वर्षे ही स्पर्धा जिंकली आणि त्यानंतरची सलग सहा विजेतेपदे त्याच गावच्या जानशेर खान यांनी मिळवली. एका लहानशा गावाने जागतिक खेळावर इतकी वर्षे राज्य केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. महिलांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हेदर मॅके यांनी 1962 ते 1977 या काळात सलग सोळा वेळा ब्रिटिश ओपन जिंकले. पूर्ण कारकिर्दीत त्या केवळ दोन सामने हरल्या. हा पराक्रम दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसमोर घडला असता, तर मॅके यांचे नाव आज घरोघरी माहीत असते.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची सुरुवात 1976 मध्ये झाली. पुरुषांचे पहिले विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्याच जेफ हंट यांनी मिळवले. 1981 मध्ये टोरांटो येथे सतरा वर्षांच्या जहांगीर यांनी याच हंट यांना अंतिम फेरीत हरवले. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ जहांगीर अपराजित होते आणि या काळात त्यांनी 555 सामने जिंकल्याचे सांगितले जाते. 1986 मध्ये फ्रान्समधील तूलूझ येथे न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मन यांनी जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ही मालिका खंडित केली.

जहांगीर यांच्याच एका सामन्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. 1983 मध्ये इंग्लंडमधील चिचेस्टर येथे त्यांची गाठ इजिप्तच्या गमाल अवाद यांच्याशी पडली आणि तो सामना दोन तास सेहेचाळीस मिनिटे चालला. पहिलाच गेम एक तास अकरा मिनिटांचा झाला. तो अवाद यांनी जिंकला आणि पुढचे तिन्ही जहांगीर यांनी. तेव्हाच्या नियमानुसार फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. समोरच्याने रॅली जिंकली तर सर्व्हिस त्याच्याकडे जाई, पण गुणफलक हलत नसे. जाणकारांना त्यातील चिवटपणाचे मोल कळत होते, मात्र नव्या प्रेक्षकाला गुणफलक जागीच थांबल्यासारखा वाटे. पुढे प्रत्येक रॅलीला गुण आणि अकरा गुणांचा गेम ही पद्धत रूढ झाली. पुरुष व्यावसायिकांनी ती 2004 मध्ये स्वीकारली. या बदलाने खेळातील दमसासाची कसोटी थोडी सौम्य झाली, असे म्हणणारे लोक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तरीही प्रेक्षकांच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता, असे मला वाटते.

खरी क्रांती केली ती काचेने. 1980 च्या दशकात चारही भिंती पारदर्शक असलेली, हवी तेथे नेऊन जोडता येणारी कोर्टे वापरात आली. आत प्रखर दिवे आणि बाहेर मंद उजेड असतो, शिवाय काचेवर विशिष्ट प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे खेळाडूंना भिंत भिंतीसारखीच दिसते, तर प्रेक्षकांना मात्र आरपार दिसते. काळा चेंडू अशा कोर्टात उठून दिसत नाही, म्हणून पांढरा चेंडू वापरतात. समोरच्या भिंतीमागे कॅमेरा ठेवता येऊ लागला आणि इतकी वर्षे पाठमोरे दिसणारे खेळाडू पहिल्यांदा समोरून दिसू लागले.

आता स्पर्धा कोठेही भरवता येत होती. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या रेल्वे स्थानकातील व्हँडरबिल्ट हॉलमध्ये 1995 पासून 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स'साठी काचेचे कोर्ट उभे राहू लागले. गाडी पकडायला निघालेले लोक झुंबरांखाली क्षणभर थबकतात आणि समोरच्या काचेतून जगातील अव्वल खेळाडूंना पाहतात. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांपेक्षा या वाटसरूंमुळेच ही स्पर्धा वेगळी ठरते.

1996 मध्ये तर गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी कोर्ट मांडले गेले. स्क्वॉशचा चेंडू फटके खाऊन तापतो तसा उसळू लागतो, आणि गारव्यात तो मंदावतो, त्यामुळे उघड्या वाळवंटातील रात्रीचा खेळ बंदिस्त कोर्टातल्यापेक्षा अगदी वेगळा. त्या स्पर्धेत इजिप्तचा तरुण अहमद बरादा अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तेथे जानशेर यांनी त्याला हरवले, पण देशभर त्याचे नाव झाले आणि मुले रॅकेट हाती घेऊ लागली. कैरो आणि अलेक्झांड्रियातील क्लबांमध्ये लहान मुलांना अव्वल खेळाडूंच्या शेजारच्याच कोर्टावर सराव करता येतो, हेही तेवढेच महत्त्वाचे. 2003 मध्ये अम्र शबाना पुरुषांचा जागतिक विजेता झाला, आणि त्यानंतर रामी अशूर, अली फराग आणि 2025 मध्ये मुस्तफा असल अशी इजिप्शियन विजेत्यांची रांगच लागली. 2024 मध्ये पेरूच्या दिएगो एलियास यांनी ही रांग मध्येच खंडित केली होती. जागतिक विजेतेपद मिळवणारे ते दक्षिण अमेरिकेचे पहिले खेळाडू. महिलांमध्ये मलेशियाच्या निकोल डेव्हिड यांची आठ जागतिक विजेतेपदे होती. 2025 मध्ये शिकागो येथे इजिप्तच्या नूर अल शेर्बिनी यांनी आठवे विजेतेपद मिळवून त्यांची बरोबरी केली.

येथे अमेरिकन ओपनची नोंद आवर्जून करायला हवी. 2013 मध्ये फिलाडेल्फियातील या स्पर्धेने पुरुष व महिलांना समान बक्षीस देऊन स्क्वॉशच्या मोठ्या स्पर्धांत नवा पायंडा पाडला.

सांघिक स्पर्धांची गंमत निराळी आहे. पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा 1967 पासून होते. लढतीत तीन एकेरी सामने असतात आणि बरोबरी झाली की सगळा भार शेवटच्या एका खेळाडूवर येतो. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत 2023 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यातील अंतिम लढत अशीच 1-1 वर आली. महेश माणगावकर हरले होते आणि सौरव घोषाल जिंकले होते. निर्णायक सामन्याच्या पाचव्या गेममध्ये अभय सिंग 8-10 असे मागे होते. नूर जमान यांना एकच गुण हवा असताना अभय यांनी सलग चार गुण घेत 12-10 असा गेम आणि सुवर्णपदकही जिंकले.

ऑलिंपिकने मात्र या खेळाला फार काळ ताटकळत ठेवले. 2012, 2016 आणि 2020 या तिन्ही ऑलिंपिकसाठीचे प्रयत्न फसले. खेळ दूरचित्रवाणीवर नीट दिसत नाही, ही जुनी तक्रार तोवर जवळजवळ संपली होती, तरीही नकार येतच राहिला. अखेर ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला मंजुरी मिळाली. जहांगीर, जानशेर आणि निकोल डेव्हिड यांच्या वाट्याला हे व्यासपीठ आले नाही, याची हळहळ वाटते. 2025 मध्ये निवृत्त झालेले अली फरागही तेथे नसतील. सोळा पुरुष आणि सोळा महिला युनिव्हर्सल स्टुडिओच्या परिसरात एकेरीच्या पदकांसाठी खेळतील.

श्रोतेहो, ते सामने पाहताना एक करून पाहा. चेंडूमागे नजर धावडवू नका, तर कोर्टाच्या मध्याजवळ जेथे तांबड्या रेषा मिळून इंग्रजी टी अक्षराचा आकार होतो, त्या जागेवर लक्ष ठेवा. प्रत्येक फटक्यानंतर तेथे आधी कोण परततो आणि कोपऱ्यांकडे पळत राहण्याची पाळी कोणावर येते, हे दिसू लागले की गुणफलकाकडे न पाहताही सामना कोणाच्या बाजूने झुकतो आहे, ते कळते. नमस्कार.