परवा म्हणजे कधी?

(पडदा पूर्ण काळा. एका माणसाचा सावकाश आवाज : एक... दोन... तीन... चार...)

हा माणूस १२० पर्यंत आकडे मोजतोय. सेकंदाला एक आकडा, असं ठरलंय. म्हणजे दोन मिनिटांत मोजणी संपायला हवी. टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीच्या वर, त्याचे सोबती घड्याळ लावून ऐकतायत. दोन मिनिटं होतात. तीन होतात. चार होतात. आवाज चालूच आहे, आणि त्यात ना गोंधळ, ना आळस. १२० वर पोहोचायला त्याला जवळजवळ पाच मिनिटं लागतात. त्याला विचाराल तर तो सांगेल, दोनच मिनिटं मोजत होतो.

मिशेल सिफ्र. फ्रेंच भूवैज्ञानिक, वय २३. १६ जुलै १९६२ रोजी तो आल्प्समधल्या स्कारासन नावाच्या गुहेत उतरला. या गुहेच्या पोटात बर्फाची नदी आहे. पंधरा दिवस राहून तिचा अभ्यास करावा, एवढाच त्याचा पहिला बेत होता. मग त्याच्या मनाने घेतलं, दोन महिने राहायचं. आणि घड्याळ न्यायचं नाही.

(टॉर्चच्या उजेडात ओली भिंत. थेंब टपकण्याचा आवाज.)

खाली सूर्य नव्हता. शून्याच्या आसपासची थंडी, सगळीकडे ओल, पाय सदा भिजलेले. उठलो, जेवलो, आता झोपतोय, एवढं तो फोन करून वर कळवायचा. वरच्यांनी मात्र आपणहून त्याला फोन करायचा नाही, असा नियम होता. फोन कधी वाजतो यावरूनसुद्धा माणूस वेळ ताडतो, म्हणून.

१४ सप्टेंबरला त्याला सांगण्यात आलं, झाले दोन महिने, वर ये. त्याच्या हिशेबाने त्या दिवशी २० ऑगस्ट होता. मधले २५ दिवस कुठे गेले, हे त्याला सांगता येईना.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. खरी थक्क करणारी नोंद याच्या पुढची आहे. सिफ्रने केलेल्या फोनांच्या वेळा वरच्यांनी लिहून ठेवल्या होत्या. त्या जुळवल्यावर दिसलं, की त्याचं झोपणं आणि उठणं साधारण साडेचोवीस तासांच्या चक्रात चाललं होतं. म्हणजे त्याच्या शरीराला दिवस कळत होता! मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो, तो दिवस-रात्रीची ही लय सांभाळतो. त्या पुंजक्याने अंधारातही आपलं काम चोख केलं. त्याच डोक्यात, काही सेंटिमीटरवर, मन मात्र दिवस हरवत होतं. आठ तासांची झोप त्याला डुलकी वाटायची.

मग मन नेमकं मोजत काय होतं?

प्रकाशासाठी डोळे आहेत, आवाजासाठी कान आहेत. वेळेसाठी शरीरात असं एकही इंद्रिय नाही. वेळेची जाणीव मेंदूला दुसऱ्याच गोष्टींवरून बांधावी लागते. त्यातली एक गोष्ट आहे अंगातली ऊब. १९३०च्या दशकात हडसन होगलंड या अमेरिकी शास्त्रज्ञाची पत्नी फ्लूने आजारी होती. ते जरा वेळ खोलीबाहेर जाऊन आले, तर तिची तक्रार, इतका वेळ कुठे होतात? होगलंड यांना ही नुसती तापातली बडबड वाटली नाही. त्यांनी तिला मनातल्या मनात ६० सेकंद मोजायला सांगितलं. ताप चढलेला असला की तिचे साठ लवकर व्हायचे, उतरला की सावकाश. तिच्या आतलं मिनिटच आखूड झालं होतं, त्यामुळे बाहेरची वेळ लांबलेली वाटत होती. गुहेत गारठलेल्या सिफ्रच्या बाबतीत याच्या उलट घडलं असावं, आणि त्याच्या दोन मिनिटांची पाच होण्यात थंडीचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

पण २५ दिवसांचं काय? तो हिशेब थंडीने सुटत नाही.

(एक रिकामी खोली. खिडकीतून येणारी तिरीप भिंतीवरून सरकते आहे.)

मराठीत आपण म्हणतो, वेळ जाता जात नाही. आणि आपणच म्हणतो, बघता बघता वर्ष सरलं. ही दोन वाक्यं एकाच वर्षाबद्दल असू शकतात, अगदी एकाच माणसाच्या तोंडची. कारण हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत. वेळ चालू असताना आपण तिच्याकडे किती लक्ष देतो, यावर पहिला ठरतो. वाट पाहणाऱ्याचं सगळं लक्ष वेळेवरच असतं, म्हणून त्याची घटका युगाएवढी होते. दुसरा हिशेब वेळ निघून गेल्यावर लागतो, आणि तो आठवणींवरून लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०मध्येच हे मांडलं होतं : नाना अनुभवांनी भरलेला काळ जाताना छोटा वाटतो, पण मागे वळून पाहताना लांबलचक दिसतो. रिकाम्या काळाचं नेमकं उलट. जाताना जड, आणि नंतर पाहावं तर हाती काहीच नाही.

सिफ्रच्या गुहेत एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळं करणारं काहीच नव्हतं. काल काय केलं, हेच आठवेनासं झालं, सगळा मुक्काम एकच लांब दिवस वाटू लागला, असं तो पुढे सांगत असे. जे दिवस आठवणीत उतरले नाहीत, ते त्याच्या हिशेबातही आले नाहीत.

आठवण वेळ आखडते, तशी ताणतेही. अपघातातून वाचलेली माणसं सांगतात, तो क्षण संपतच नव्हता, सगळं संथ झालं होतं. मेंदूचा अभ्यास करणारे डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायचं ठरवलं. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं खाली सोडलं. खाली जाळं होतं, पण पडणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा तो यायचाच. आपलं पडणं किती वेळ चाललं, असं विचारल्यावर त्यांनी ते दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा जास्त सांगितलं, सरासरी ३६ टक्के जास्त. मात्र त्यांच्या मनगटावर एक छोटी पाटी बांधलेली होती. तिच्यावरचे आकडे इतक्या झपाट्याने बदलत होते, की एरवी ते वाचताच येत नाहीत. जग खरंच संथ झालं असतं, तर पडताना ते आकडे वाचता आले असते. पण तसं झालं नाही. त्या क्षणी काहीच संथ झालेलं नव्हतं. भीतीमुळे आठवण दाट उतरली, आणि दाट आठवण नंतर लांब भासली.

(काचेचं भांडं. गार पाण्यात बुडवलेला हात.)

हा हात १४ अंश सेल्सिअस पाण्यात आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा हा १९९३चा प्रयोग. एक हात अशा पाण्यात ६० सेकंद ठेवायचा. दुसऱ्या खेपेला दुसरा हात, तेच पाणी, तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद. त्या जादा ३० सेकंदांत पाणी हळूहळू एका अंशाने कोमट करायचं. हाताला कळ येतच राहते, जरा कमी एवढंच. मग विचारायचं, यातला एक प्रकार पुन्हा करायचाय, कोणता करू? दोनतृतीयांशांहून अधिक लोकांनी दीड मिनिटाचा प्रकार निवडला. जास्त वेळ दुखलं, तोच बरा वाटला! कारण त्याचा शेवट बरा होता. दुखणं किती वेळ चाललं, ही गोष्ट मनाने जवळजवळ सोडूनच दिली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा मनाचा दोष वाटला होता. आता वाटत नाही. मनाला सेकंदांची बेरीज नकोच असते. त्याला हवं असतं, काय घडलं आणि ते कुठे येऊन थांबलं. म्हणजेच गोष्ट.

आणि गोष्टीची ही ओढ किती खोल आहे, ते पाहण्यासाठी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ पुरतं.

(पांढरा पडदा. मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण, लहानसं वर्तुळ. मध्ये एक चौकट, तिला उघडझाप होणारं दार.)

१९४४मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म तयार केली. तिच्यात माणूस नाही, चेहरा नाही, शब्द नाही. हे तीन आकार इकडून तिकडे सरकतात, एवढंच. ३४ जणांना ती दाखवून विचारलं, काय पाहिलंत? फक्त एका व्यक्तीने त्रिकोण-वर्तुळांच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं, पाठलाग दिसला, सुटका दिसली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्या दोनच गोष्टी मिळाल्या, तर मन त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ घालतं. कोणी सांगावं लागत नाही.

आता एक मराठी शब्द घेऊ. परवा.

पाहुणे परवा आले होते. पाहुणे परवा येणार आहेत. शब्द एकच. क्रियापदापर्यंत पोहोचेपर्यंत कळत नाही, की बोलणारा दोन दिवस मागे बघतोय की पुढे. लहान मुलं या शब्दात हमखास अडकतात, आणि परभाषकांची तर पंचाईतच होते. पण मेंदूच्या बाजूने पाहिलं तर या शब्दाने काहीतरी फार खरं पकडलंय.

कॅनडातल्या एका रुग्णाला शास्त्रीय लेखनात ‘के. सी.’ म्हणतात. १९८१मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर दुखापत झाली. त्याला बुद्धिबळ खेळता यायचं. घड्याळ, कॅलेंडर कळायचं. स्वतःच्या आयुष्यातली माहितीही बरीच ठाऊक होती. पण घडलेला एकही प्रसंग त्याला आतून आठवत नसे, पुन्हा जगता येत नसे. मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्व्हिंग यांनी त्याला विचारलं, उद्या काय करशील? त्याला काही सुचेना. मन कोरं आहे, म्हणाला. कालचा विचार करताना जसं कोरं, तसंच. रिकाम्या खोलीत पाठवून खुर्ची शोधून आण म्हणावं, आणि तिथे काहीच नसावं, असं काहीसं त्याने ते सांगितलं.

काल गेला, त्याबरोबर उद्याही गेला. २००७मध्ये लंडनच्या संशोधकांनी असेच पाच रुग्ण तपासले, स्मृतीसाठी लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग दुखावलेले. समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात अशी कल्पना करा, म्हटल्यावर बहुतेकांच्या हाती सुटे तुकडे आले, दृश्य जुळेना. मागचं आठवणं आणि पुढचं रचणं या कामांसाठी मेंदूत फार मोठा भाग सामाईक आहे. न घडलेला परवा आपण घडलेल्या परवांच्याच तुकड्यांतून शिवतो.

के. सी.ला वेळ म्हणजे काय ते माहीत होतं. त्याला वेळ नव्हती. या दोन वाक्यांमधलं अंतर मला अस्वस्थ करतं.

(जुन्या छायाचित्रातलं तारेचं कुंपण. बर्फ.)

उद्या काढून घेतला तर आज कसा होतो, याची एक साक्ष व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल यांनी देऊन ठेवली आहे. १९४२ ते १९४५ ते नाझींच्या छळछावण्यांत होते. सुटका कधी, हे तिथे कुणालाच माहीत नसे. फ्रँकल यांचं निरीक्षण असं, की छावणीतला दिवस आठवड्यापेक्षा लांब वाटायचा. तासातासाचा छळ, म्हणून दिवस सरायचा नाही. आणि सगळे दिवस सारखेच, पुढे काही दिसत नाही, म्हणून आठवडे कधी उलटले ते कळायचं नाही. सिफ्रने स्वतःहून जे पत्करलं, ते इथे माणसांवर लादलेलं होतं.

त्यांच्या एका सहकैद्याला १९४५च्या फेब्रुवारीत स्वप्न पडलं : ३० मार्चला तुझी सुटका होईल. तो त्या तारखेवर जगू लागला. मार्च संपत आला, युद्धाच्या बातम्यांत तसं काही चिन्ह दिसेना. २९ मार्चला त्याला एकाएकी ताप भरला. ३० तारखेला तो शुद्ध हरपून पडला, ३१ला गेला. टायफस या साथीच्या तापाने गेला. एका माणसाच्या मृत्यूवरून विज्ञान सिद्ध होत नाही, आणि मीही तसं म्हणणार नाही. पण फ्रँकल स्वतः डॉक्टर होते, टायफस म्हणजे काय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही त्यांचं मत होतं, की आशा तुटल्यावर त्याच्या शरीराचा प्रतिकार एकदम ढासळला. हवेतली एक तारीख, आणि तिने तो माणूस काही आठवडे तगवला होता.

(पुन्हा गुहा. या वेळी रंगीत चित्रण.)

१९९९च्या अखेरीस मिशेल सिफ्र पुन्हा एकदा जमिनीखाली उतरला. ठिकाण, दक्षिण फ्रान्समधली क्लामूज गुहा. आता वय साठ. म्हाताऱ्या होत चाललेल्या शरीराला वेळ कशी कळते, हे त्याला पाहायचं होतं. वर साऱ्या जगात २००० सालाची उलटगणती चालू होती. खाली ती ऐकू येणार नव्हती. पण ती रात्र त्याला चुकवायचीही नव्हती, म्हणून तो आपल्या झोपा आणि जेवणं मोजत राहिला.

त्याच्या मोजणीत एकतीस डिसेंबर उजाडला तेव्हा वरच्या जगात नवं वर्ष लागून काही दिवस झाले होते. फटाके विझले होते, माणसं कामाला लागली होती. त्या अंधारात एकट्या बसलेल्या माणसाने आपल्या हिशेबाने बरोबर मध्यरात्री नव्या वर्षाचं स्वागत केलं.