उजव्या सीटवरची बिनपगारी नोकरी

नमस्कार मंडळी! आज विषय गाडीचा आहे, पण कुठली गाडी घ्यायची हा नाही, त्यामुळे लीज घेऊ की फायनान्स करू विचारणाऱ्यांनी आज जरा दम धरा.

मी न्यू जर्सीत राहतो, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि उन्हाळ्यातले काही वीकेंड एका कार क्लबसाठी हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर म्हणून फुकट राबतो. म्हणजे काय, तर अनोळखी माणसाच्या गाडीत त्याच्या शेजारी हेल्मेट घालून बसायचं, तो रेस ट्रॅकवर ताशी शंभर मैलाच्या वर जाणार आणि आपण त्याला बोलून बोलून शहाणं करायचं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं?" कोणीच सांगितलं नव्हतं, खरंय.

अमेरिकेत हे क्लब जुने आहेत. एससीसीए म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका 1944 चा, पोर्शेवाल्यांचा क्लब 1955 चा, बीएमडब्ल्यूवाल्यांचा 1969 चा, बॉस्टनला सुरू झालेला. हे लोक वीकेंडला अख्खा रेस ट्रॅक भाड्याने घेतात आणि तुमच्याआमच्यासारख्यांना आपापल्या रोजच्या गाडीत शिकवतात. आता ह्याला रेसिंग म्हणू नका बरं का, ऑर्गनायझर लगेच भुवया वर करतात. घड्याळ लावायचं नाही, नंबर नाही, बक्षीस नाही, आणि ओव्हरटेक करायचं तर ठरलेल्या जागीच, तेसुद्धा पुढच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून 'ह्या बाजूने जा' अशी खूण केली तरच. न्यू जर्सी टर्नपाइक ह्या हायवेवर हा नियम आणला तर काय मजा येईल, पण ते जाऊ दे.

आमच्या इकडचा ट्रॅक म्हणजे मिलव्हिलचा न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क, 2008 साली उघडला. दुसऱ्या महायुद्धात ह्या गावात फायटर पायलट तयार व्हायचे, त्यामुळे तिथल्या दोन ट्रॅकना विमानांचीच नावं, थंडरबोल्ट आणि लाइटनिंग. थंडरबोल्ट सव्वादोन मैलांचा. जरा लांब गेलं की कनेक्टिकटमध्ये लाइम रॉक आहे, दीड मैलाचाच पण खतरनाक, कारण शेवटचं वळण उतारावर आहे, गाडी हलकी पडल्यासारखी वाटते आणि नेमका तिथेच नवीन माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो. वर न्यूयॉर्क राज्यात वॉटकिन्स ग्लेन, तिकडे वेस्ट व्हर्जिनियात समिट पॉइंट. आपले बरेच मराठी लोक वॉटकिन्स ग्लेनला धबधबे बघायला जातात, ट्रॅक तिथून चारपाच मैलांवर असतो आणि पत्ताच नसतो.

आता मुद्द्यावर येतो. आपण भारतात गाडी शिकलो तेव्हा मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाशीपण ब्रेक आणि क्लच असायचा, आठवतंय ना? आपण कितीही घोळ घातला तरी सर शांतपणे पानाचा तोबरा सांभाळत गाडी थांबवायचे. इथे तसलं काही नाही. गाडी शिकणाऱ्याची स्वतःची, पेडल त्याच्याकडे, स्टिअरिंग त्याच्याकडे. वर आमच्यासारख्यांची अजून एक पंचाईत, अमेरिकेत शेजारची सीट उजवीकडे, आणि आपण मूळचे उजवीकडे बसूनच चालवायला शिकलेलो, त्यामुळे पाय आपोआप फ्लोअर मॅटवर ब्रेक शोधत राहतो. शोधू दे, तिथे काही नाहीये.

मग हातात उरतं काय तर आवाज. हेल्मेटमध्ये छोटा माइक आणि स्पीकर बसवलेला असतो, त्यातून बोलायचं. आणि गंमत ही की नुसतं बरोबर बोलून चालत नाही, वेळेवर बोलावं लागतं. ताशी 100 मैल म्हणजे सेकंदाला साधारण 147 फूट. मला 'ब्रेक' म्हणायला समजा अर्धा सेकंद लागला, ते त्याने ऐकून पाय पेडलवर नेईपर्यंत एक सेकंद, म्हणजे माझ्या तोंडून शब्द निघायला लागल्यापासून ब्रेक लागेपर्यंत गाडी 220 फूट पुढे गेलेली असते. म्हणून मला जिथे ब्रेक हवाय त्याच्या कितीतरी आधी बोलावं लागतं, आणि त्यासाठी तो आत्ता काय करतोय हे बघत बसण्यापेक्षा अजून दोन सेकंदांनी काय करणार आहे ह्याचा अंदाज बांधावा लागतो. त्याचं हेल्मेट कुठे वळलंय, स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडलीत का, श्वास रोखून धरलाय का, ह्यावरून तो अंदाज येतो. ट्रॅक बघायला वेळच कुठे मिळतो, मी निम्मा वेळ त्या माणसाकडे बघत असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जो सगळ्यात फास्ट तो चांगला इन्स्ट्रक्टर असेलच असं अजिबात नाही. उलट उपजत फास्ट असणाऱ्यांना आपण काय करतो ते शब्दात सांगताच येत नाही, ते म्हणतात "बस, फील कर", आणि शेजारचा बिचारा फील करत करत गवतात.

एक उदाहरण सांगतो. मागे आपल्याच एडिसन साइडचे एक काका आले होते, रिटायर झालेले, मुलाने हौसेने घेऊन दिलेली जोरदार गाडी. मराठी माणूस भेटला म्हणून दोघंही खूश, पहिल्या लॅपला मी आपला बोलतोय, "काका, आता जरा ब्रेक घेऊया का", आणि काका तितक्याच अदबीने "हो हो, घेतो ना" म्हणतायत आणि तोवर वळण समोर आलेलं. कूल डाउन, म्हणजे गाडी थंड करायचा सावकाश लॅप, करून पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत, आलो तेव्हा काकाच म्हणाले, "अरे, तू मला ट्रॅकवर अहो-जाहो करू नकोस, लग्नाला आल्यासारखं वाटतंय." मग ठरलं, गाडीत फक्त पाचसहा शब्द, ब्रेक, सोड, नजर वर, थांब, गॅस, आणि दुपारच्या सेशनला काका असे काही गुळगुळीत चालवायला लागले की विचारू नका. नजर वर हे तर मी शंभर वेळा म्हणतो, कारण नवीन माणूस बॉनेटच्या टोकासमोरचा रस्ता बघतो आणि वळणाचा बाहेर पडायचा कोपरा बघतच नाही, आणि गाडी नजर जाते तिकडेच जाते.

बरं, बनायचं कसं? आधी स्वतः स्टुडंट म्हणून काही सीझन काढायचे. नवख्यांच्या ग्रुपपासून सुरुवात, मग इन्स्ट्रक्टरने सोलो जायला सही दिली की पुढचा ग्रुप, मग अजून पुढचा. ह्या काळात चीफ इन्स्ट्रक्टर नावाचा माणूस गुपचूप सगळं बघत असतो, आणि तो तुमचा स्पीड बघत नाही, मागून आलेल्या गाडीला वेळेवर साइड देता का, ट्रॅकच्या कडेने दाखवतात ते सूचनेचे झेंडे दिसतात का, कोणी चूक दाखवली तर तोंड वाकडं करता का, हे बघतो. मग कधीतरी बोलावणं येतं इन्स्ट्रक्टर स्कूलचं. तिथे थोडा वेळ वर्ग, आणि खरी परीक्षा गाडीत. अनुभवी इन्स्ट्रक्टर ड्रायव्हर सीटवर बसून मुद्दाम वाईट स्टुडंटचं नाटक करतो, चुकीच्या लाइनने जातो, उशिरा ब्रेक मारतो, धोक्याचा पिवळा झेंडा बघून न बघितल्यासारखं करतो, वर हुज्जत घालतो, "माझ्या मित्राने तर असं सांगितलं होतं". तुम्ही ओरडलात तर नापास, गप्प बसलात तरी नापास. शिवाय मोटरस्पोर्ट सेफ्टी फाउंडेशन म्हणून संस्था आहे, तिने इन्स्ट्रक्टरांसाठी लेव्हलवार सर्टिफिकेशन काढलंय, बरेच क्लब ते मानतात. पास झालात की सुरुवातीला सोपे स्टुडंट देतात आणि कोणीतरी सीनियर लक्ष ठेवून असतो.

खर्च मात्र खिशातून. हेल्मेट स्नेल नावाच्या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए रेटिंगचं हवं, त्यात आगीचा विचार केलेला असतो, बऱ्याच क्लबांत मोटरसायकलचं चालत नाही. बदल्यात काय, तर इन्स्ट्रक्टर ग्रुपमध्ये स्वतःला ट्रॅकवर फिरायला मिळतं, ज्यासाठी इतर लोक एका वीकेंडचे सहज पाचसहाशे डॉलर भरतात, आणि शनिवारी रात्री जेवण, बहुतेक वेळा बार्बेक्यू, शाकाहाऱ्यांनी डबा न्यावा.

आणि धोका आहे का? आहे. गोड बोलून काय करू. एप्रिल 2015 मध्ये फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या ट्रॅकवर, पैसे भरून लॅम्बोर्गिनी चालवायला देणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये, गिऱ्हाईकाचा ताबा सुटला, गाडी शेजारच्या सीटच्या बाजूने गार्डरेलवर आदळली आणि तिथे बसलेला इन्स्ट्रक्टर गेला. तो क्लबचा कार्यक्रम नव्हता, पण सीट तीच. म्हणून मी गाडीत बसण्याआधी पाच मिनिटं पक्की घेतो. हार्नेस, म्हणजे रेसिंगचा दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा, त्याला असेल तर मलाही तसाच पाहिजे, नाहीतर मी बसत नाही. ब्रेक फ्लुइड कधी बदललं ते विचारतो, कारण जुन्या फ्लुइडमध्ये पाणी मुरतं, ट्रॅकच्या उष्णतेने ते उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरू न देणारी सिस्टिम, चालूच राहील, ह्यावर चर्चा नाही. दोन चाकं ट्रॅकबाहेर उतरली तर स्टिअरिंग झटक्याने आत ओढायचं नाही, सरळ धरायचं, वेग कमी होऊ द्यायचा, मग हळूच आत, कारण त्या झटक्यानेच गाडी ट्रॅक ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जाते. आणि गाडी गोल फिरायलाच लागली तर दोन्ही पाय आत, क्लच आणि ब्रेक. हे सगळं तो माझ्यासमोर म्हणून दाखवेपर्यंत मी हेल्मेटचा पट्टा लावत नाही. घरच्या गाडीचा इन्शुरन्स ट्रॅकवर बहुधा चालत नाही हेही सांगतो, त्या दिवसापुरता वेगळा मिळतो.

हो, आणि सेशन संपवून आलात की हँडब्रेक ओढू नका. डिस्क तापून लाल झालेल्या असतात, पॅड दाबून धरले की गरम डिस्कला तिथेच चिकटतात, आणि मग घरी जाताना अख्खी गाडी थरथरते आणि लोक मला विचारतात की टायर बॅलन्स करू का. गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

आता ऐकणाऱ्यांतले निम्मे म्हणतील, आम्हाला काही शंभर मैलाने जायचं नाहीये बाबा. ठीक आहे, तुमच्यासाठी दुसरं काम आहे. बीएमडब्ल्यू क्लबच्या फाउंडेशनचा टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल म्हणून कार्यक्रम 2002 पासून चालू आहे, 15 ते 21 वर्षांच्या मुलामुलींसाठी, गाडी कुठलीही चालते, आईची जुनी होंडा चालते. मोठ्या पार्किंग लॉटवर प्लॅस्टिकचे ट्रॅफिक कोन लावतात, जमीन ओली करतात आणि मुलांना घसरलेली गाडी सावरायला लावतात, एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम, लागल्यावर पेडल कसं धडधडतं ते पायाला कळू देतात, म्हणजे खऱ्या प्रसंगी पोरगं दचकून पाय काढणार नाही. मोठा ट्रेलर ट्रक आणून मुलांना त्याच्या केबिनमध्ये बसवतात आणि आजूबाजूला उभ्या केलेल्या गाड्या आरशात दिसतच नाहीत हे दाखवतात. तिथे शेजारच्या सीटवर बसणारे सगळे व्हॉलंटियर, आणि त्यांना रेस ट्रॅकचा अनुभव असलाच पाहिजे असं नाही, धीर मात्र लागतो. ज्यांच्या घरात नंबर प्लेटवर नवशिक्या तरुण ड्रायव्हरचं लाल स्टिकर लावलेली गाडी आहे त्यांनी पोरांची नावं घालाच, आणि स्वतःही सकाळी लवकर या, कोन मांडायला माणसं नेहमीच कमी पडतात.