पुणं सगळ्यांना एका भावात, पणजी माणूस पाहून

(इंग्लंडमधल्या आमच्या मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, आमच्या इथल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो. निवृत्तीनंतर पुण्यात फ्लॅट घ्यायचा की गोवा गाठायचा? तुम्ही दोन्हीकडे राहिलात, जन्मभर बँकेत होतात. आकड्यांसकट सांगा." तर माझी ओळख एवढीच. माहेर माशेलचं, नोकरीची बरीच वर्षं पुण्यात गेली आणि आता पणजीत सांतिनेजला राहते. लेक इथं इंग्लंडात आहे, म्हणून उन्हाळ्यात येणं होतं.

आकडे सांगते. पण कोणाचे सांगू, हा खरा प्रश्न आहे. पुणं सगळ्यांना एकाच भावाने लुटतं. सदाशिव पेठेतला पिढीजात पुणेकर असो की काल नांदेडहून आलेला इंजिनिअर, दूध, रिक्षा, डॉक्टर, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं दोघांना सारखंच पडतं. पणजीत तसं नाही. तिथं तुमचा महिन्याचा खर्च बाजारभावावर कमी आणि तुम्ही कोणाचे कोण, घर कुठलं, किती वर्षं राहता यावर जास्त ठरतो. मासळीवाली पर्यटकाला जास्त भाव सांगते, तेवढंच मला म्हणायचं नाही. सांगते ती सांगतेच, त्यात काही वाद नाही.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ, कारण सगळे नेमके त्यांच्यावरच भांडतात. पेट्रोल गोव्यात स्वस्त. 2012 साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि लिटरमागे 11 रुपये उतरले, ते गोंयकार अजून सांगतो. पुढं कर पुन्हा वाढला, तरी पुण्याच्या मानाने लिटरला सात-आठ रुपये वाचतात असं धरा. विजेचा दरही कमी, आणि गंमत म्हणजे गोवा जवळजवळ सगळी वीज बाहेरूनच आणतो. भाजी बेळगावची, दूध बरंचसं कोल्हापूर आणि कर्नाटकाकडचं. म्हणजे भाजी खरं तर महाग पडायला हवी, पण सरकारच्या फलोत्पादन महामंडळाचे गाडे नाक्यानाक्यावर आहेत, तिथं सवलतीत मिळते. सकाळी लवकर जायचं मात्र. दहानंतर गाड्यावर उरतो तो दुधी. पाव पाच रुपयांना, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून हॉर्न वाजवत दारात आणून देतो. पुण्यात एवढ्या सेवेला ॲप लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

मासळीचं मात्र सांगायची सोय नाही. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. त्या दोन महिन्यांत इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव ऐकून आपण शाकाहारी झालो तर बरं असं वाटतं. मग खाडीचं जे मिळेल ते, नाहीतर मे महिन्यात भरून ठेवलेलं सुकं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी माझी आई करायची, मीही करते. पुण्यात राहत होते तेव्हा मला याची गरजच पडली नाही, तिथं पावसाळ्यातही सगळं मिळायचं. आठवड्याचं शिळं, पण मिळायचं.

या सगळ्याची बेरीज-वजाबाकी केलीत तर दोन शहरांत महिन्याला फार फरक निघत नाही. फरक घरात आहे.

पहिली अडचण मोजमापाची. पुण्यात फ्लॅटचा भाव चौरस फुटाला सांगतात, गोव्यात चौरस मीटरला. इथून फोनवर विचारणारा माणूस लाखाचा आकडा ऐकून घाबरतो. त्याला 10.76 ने भागा आणि मग कोथरूडशी तुलना करा. भागल्यावर घाबरणं थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. मिरामार, दोना पावलाला आजचा भाव कोथरूडच्या बरोबरीने उभा आहे आणि समुद्र दिसत असेल तर पुष्कळ वर. आसगाव, शिवोलीकडे तर दिल्ली-मुंबईच्या लोकांनी दुसरं घर म्हणून इतकं घेतलंय की गावच्याच मुलाला लग्नानंतर गावात घर परवडत नाही. भाड्याचीही तीच कथा. घरमालक म्हणतो, अकरा महिन्यांचा भाडेकरू कशाला, शनिवार-रविवारचे पाहुणे बरे. पुण्यात हजारो फ्लॅट वर्षभराच्या भाड्याला निघतात. पणजीत चांगला फ्लॅट निघाला तर तो कोणीतरी कोणाला सांगून गेलेला असतो, जाहिरातीपर्यंत पोचतच नाही.

आता माझ्या चुलतभावाकडे बघा. माशेलला वडिलोपार्जित घर, मागे भाट, म्हणजे नारळांची बाग, अंगणात विहीर. नारळ घरचे, आंबे-फणस घरचे, घरपट्टी नावापुरती. दुखलं-खुपलं तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ज्याची मुळं 1842 च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहेत. खासगीत जायचं झालं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. त्याचा महिन्याचा खर्च ऐकलात तर पुण्यातला माणूस रडेल. मी त्याच्याहून थोड्याच अंतरावर फ्लॅटमध्ये राहते आणि तोच नारळ बाजारातून आणते, जो हल्ली असा महागलाय की आमटीत घालताना हात आखडतो. त्यालाही सगळं फुकट नाही हं. नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर माडामागे पैसे आधी ठरवतो. पण गोवा स्वस्त म्हणतात तो त्याच्यासारख्यांना. बाहेरून पैसे घेऊन येणाऱ्याला तो पुण्यापेक्षा महागच पडतो, आणि हे मी बँकेतली नोकरी सोडल्यावर सांगतेय, तेव्हा मला कोणाला गृहकर्ज विकायचं नाही.

तुमच्यापैकी काहींचं मूळ गोव्यातलंच आहे. ते म्हणतील, आमचंही घर आहे की गावात. असेल. त्याचा एक-चौदाचा उतारा कधी पाहिलात? महाराष्ट्रात सातबारा तसा आमच्याकडे फॉर्म एक आणि चौदा. काढून बघा. त्यात पणजोबांचं नाव असतं, त्यांच्या भावाचं असतं, आणि कूळ म्हणून ज्याचं नाव आहे त्याची नातवंडं आज तिथं राहत असतात. गोव्यात अजून 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. मुलगा-मुलगी दोघांना वाटा, आणि साधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून घर विकायचं किंवा एकाच्या नावावर करायचं झालं तर नुसत्या भावंडांच्या सह्या पुरत नाहीत, त्यांच्या नवरा-बायकांच्याही लागतात. एक भाऊ कुवेतला, बहीण इथं स्विंडनला, तिसऱ्याची विधवा मडगावला आणि ती कोणाशी बोलत नाही. हे प्रकरण न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं प्रकरण, म्हणून जातं आणि तिथंच राहतं. पुण्यात फ्लॅट घेणाऱ्याचा हा मनस्ताप वाचतो. तिथं बिल्डर त्रास देतो, पण तो एकटाच देतो.

आणखी एक, ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्यांसाठी. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या कार्डावर, राहतं घर घेता येतं, शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. गोव्यात ज्या जुन्या घराचे फोटो बघून तुम्ही हळहळता, त्याच्यासोबतची जमीन बऱ्याचदा बागायतीच असते. एजंट ही गोष्ट शेवटी सांगतो. घर सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या भागात, आहे की नाही हे वकिलाकडून लेखी घ्या, एजंटाच्या तोंडून नको. वारशाने येणाऱ्या जमिनीची गोष्ट वेगळी, ती येऊ शकते.

पैशांचा विषय निघालाच आहे तर पेन्शन. इथलं स्टेट पेन्शन तुम्ही भारतात राहायला गेलात की गोठतं. जी रक्कम तेव्हा असेल तीच, दरवर्षीची वाढ नाही. पुणं असो नाहीतर पणजी, दोन्हीकडे हे सारखंच. पण मी पाहते की लोक पहिल्या वर्षाचे पौंड गुणिले रुपये करून खूश होतात. पंधराव्या वर्षी मोलकरणीचा पगार, औषधं आणि मेंटेनन्स किती झालेला असेल तेही त्याच कागदावर लिहा.

म्हातारपणाचं बोलायचं तर पुण्याचं पारडं जड आहे, आणि हे सांगताना माझ्यातल्या गोंयकारणीला वाईट वाटतं. पुण्यात दारातून रिक्षा मिळते. भांडते, पण मिळते. मेट्रो 2022 पासून आहे आणि वाढतेय. पणजीत संध्याकाळ सरली की बस विरळ, टॅक्सी मनाला येईल तो भाव सांगते. ओला-उबर नाही, 2018 पासून गोवा माइल्स आहे, पण सगळीकडे पोचतंच असं नाही. पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, स्वस्त आणि झटपट, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने तिच्यावर चढायचं कसं? म्हणजे गाडी हवी, चालवता यायला हवी, आणि एक दिवस ती चालवणं थांबतं. मोठ्या दुखण्याला पुण्यात तज्ज्ञ डॉक्टरांची रांग आहे, पैसे मोजायची तयारी हवी. गोव्यात सरकारी सेवा खरोखर चांगली, पण तिचाही भाव माणूस पाहून आहे. स्वास्थ्य सेवेचं कार्ड पाच वर्षं राहिलेल्यालाच, आणि 2018 पासून बांबोळीला बिगरगोमंतकीयांना शुल्क. म्हणजे परतल्यावरची पहिली पाच वर्षं विमा स्वतःचा हवा.

मग मी पणजीत का राहते? कारण माझे पाय अजून धड आहेत. 2011 च्या जनगणनेत पणजी महापालिकेची वस्ती 40 हजार होती, पुण्याची 31 लाखांवर. या एका फरकातून बाकी सगळं येतं. पुण्यात मी औंधहून नाटकाला निघायचे तेव्हा पहिली घंटा कुठे ऐकू येईल याची पैज लागायची, बालगंधर्वच्या दारात की विद्यापीठ चौकात. पणजीत कला अकादमी चालत, बाजार चालत, पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय चालत. हे ग्रंथालय 1832 सालचं आहे आणि आता सहा मजली. तिथं सकाळी पेपर वाचत बसलं तर कोणी उठवत नाही. मांडवीपलीकडे बेतीला जायचं तर फेरीबोट, चालत जाणाऱ्याला फुकट. मराठी पेपर चार-पाच निघतात. आणि नाटकाची भूक असेल तर गावच्या उत्सवांत जा, मराठी नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. पुण्याचा प्रयोग अर्थातच सफाईदार. पण आमच्याकडे रंगमंचावरचा संभाजी सकाळी वीजबिलाच्या खिडकीत बसलेला असतो.

पावसाचं तेवढं राहिलं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, पणजीत तीन हजाराच्या घरात. जुलैत माझ्या कपाटातल्या पैठणीवर पांढरी बुरशी चढते, पुस्तकांच्या कण्यावर चढते, चामड्याची पर्स तर हिरवी होते. फ्रिजचा स्टॅबिलायझर वीज खेळल्याने जातो. बाहेरचा रंग पुण्यात पाच-सात वर्षं टिकायचा, पणजीत दोन पावसांत काळा पडतो. कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात या खर्चाला रकाना नसतो.

मला गोव्याबद्दल विचारणारे बहुतेक लोक डिसेंबरात येऊन गेलेले असतात. तेव्हा फ्लॅट घ्यायच्या आधी एक पावसाळा भाड्याने राहा, जूनच्या पहिल्या आठवड्यात या. भाडंही तेव्हा उतरलेलं असतं आणि घरमालक नीट बोलतो. नवरा-बायको दोघंही या, कारण एकाला आवडतं आणि दुसऱ्याला पुण्याची भिशी आठवते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. पुण्यातही दोन महिने काढा, पण बहिणीकडे नको, स्वतःच्या भाड्याच्या घरात, म्हणजे टँकर कधी येतो ते कळेल.

चहाच्या वेळी मी त्या कोपऱ्यात बसणार आहे. एक-चौदाचा उतारा कोणाच्या फोनमध्ये असेल तर घेऊन या, वाचून सांगते. मांडवीतल्या कॅसिनोंबद्दल मात्र विचारू नका, मी त्यांच्यासमोरून नाटकाला चालत जाते आणि तेवढाच आमचा संबंध.